प्रवेश सल्लागार नेमका कोणाचे काम करतो?

एमबीए हा शब्द नागपूरच्या आंबेडकरी वस्त्यांत आता नवा राहिलेला नाही. २०१५ साली सुरू झालेली आयआयएम नागपूर आधी व्हीएनआयटीच्या आवारात होती. मे २०२२ मध्ये मिहानमधल्या दहेगाव येथील तिच्या कायमच्या परिसराचे उद्घाटन तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते झाले. इंदोरा, बेझनबाग, वैशालीनगरच्या मुलामुलींसाठी देशातली एक नामांकित संस्था शहराच्या दुसऱ्या टोकाला येऊन उभी राहिली. अंतर कमी झाले. वाट मात्र सगळ्यांना सारखी दिसत नाही.

आम्ही उत्तर नागपुरातल्या विद्यार्थ्यांसोबत काम करतो. पूर्वी आमच्याकडे येणारा प्रश्न असायचा, "एमपीएससीला क्लास कोणता लावू?" आता पदवी झालेली, एकदोन वर्षे नोकरी केलेली मुले विचारतात, "एमबीएसाठी कन्सल्टंट लावायचा आहे, कोणता लावू?" या प्रश्नामागे वडिलांच्या भविष्य निर्वाह निधीतून काढायची रक्कम असते, आईच्या बचत गटाचे कर्ज असते, कधी गावाकडच्या जमिनीच्या तुकड्याची चर्चा असते. म्हणून या प्रश्नाला "अमुक चांगला, तमुक वाईट" एवढे उत्तर पुरत नाही. फी देण्याआधी एक गोष्ट तपासावी लागते: हा सल्लागार नेमका कोणाचे काम करतो? तुमचे, की कॉलेजचे, की स्वतःच्या फलकाचे?

विकली जाते ती माहिती

समाजशास्त्रात पिएर बोर्दिय याने मांडलेली सांस्कृतिक भांडवलाची कल्पना इथे तंतोतंत लागू पडते. ज्या घरात काका आयआयएममधून शिकलेले आहेत, मावसबहीण लंडनला आहे, त्या घरातल्या मुलाला कॅटचा अर्ज कधी निघतो, शिफारसपत्र कोणाचे घ्यायचे, मुलाखतीत काय विचारतात, हे जेवणाच्या ताटावर समजते. त्याला ते कोणी शिकवले असे वाटतही नाही. तो ते 'कॉमन सेन्स' म्हणतो. आपल्या बहुतेक घरांत पदवीधरांची ही पहिली किंवा दुसरी पिढी आहे. तीच माहिती आपल्याला धरमपेठ, रामदासपेठ किंवा सीताबर्डीच्या एखाद्या कार्यालयात पैसे मोजून घ्यावी लागते.

त्यामुळे सल्लागाराकडे जाणे ही लाजेची बाब नाही आणि कमीपणाचीही नाही. प्रस्थापित घरांतली मुलेही सल्लागार लावतात, आपल्यापेक्षा जास्तच लावतात. फरक इतकाच की त्यांचा सल्लागार चुकला तर घरातले कोणीतरी ते लगेच ओळखते. आपल्याकडे तो चुकला तर चूक कळेपर्यंत वर्ष गेलेले असते आणि पैसेही. धोका इथे आहे.

चार प्रकार, चार हिशेब

'सल्लागार' या एकाच पाटीखाली चार वेगवेगळे धंदे चालतात. त्यांची कमाई कुठून येते ते समजले की त्यांचा सल्लाही समजतो.

पहिला प्रकार कॅट आणि सीईटीच्या क्लासचा. परीक्षेच्या शिकवणीसोबत तो अर्ज भरणे, लेखी चाचणी आणि मुलाखतीची तयारी असे पॅकेज विकतो. त्याची कमाई तुमच्या फीतून येते आणि पुढच्या वर्षीची कमाई फलकावरच्या फोटोंतून.

दुसरा प्रकार 'डायरेक्ट अॅडमिशन'वाल्यांचा. सीईटीचा निकाल लागला की यांचे फोन सुरू होतात. "पुण्यात सीट आहे, आजच कन्फर्म करा." यांना कॉलेजकडून दरडोई पैसे मिळतात, काही वेळा विद्यार्थ्याकडूनही.

तिसरा प्रकार परदेशी शिक्षणाच्या कार्यालयांचा. यातले अनेक जण "आमची सेवा मोफत" असे सांगतात. ती मोफत असते कारण विद्यापीठ त्यांना विद्यार्थ्यामागे कमिशन देते. यात बेकायदा काही नाही. पण जे विद्यापीठ कमिशन देत नाही त्याचे नाव या कार्यालयात निघण्याची शक्यता कमी, हे उघड आहे. जगातली पहिल्या फळीतली बिझनेस स्कूल्स सहसा अशा एजंटांमार्फत विद्यार्थी गोळा करत नाहीत. म्हणजे 'मोफत' सल्ल्याची किंमत आपण चुकीच्या कॉलेजच्या रूपाने भरू शकतो.

चौथा प्रकार एमबीए अर्जाच्या खासगी सल्लागारांचा. हे बहुधा मुंबई, दिल्ली, बंगळूर किंवा अमेरिकेतून ऑनलाइन काम करतात आणि तासावर किंवा कॉलेजमागे फी घेतात. अमेरिकी सल्लागारांची फी हजारो डॉलरांत जाते. यांच्यातल्या प्रामाणिक लोकांचा हिशेब सरळ असतो: पैसे विद्यार्थी देतो, कॉलेज नाही. पण फी इतकी असते की आपल्या घरातून ती निघणे अवघड.

यातला कोणताही प्रकार मुळातच वाईट नाही, अपवाद फक्त कॅपिटेशन मागणाऱ्यांचा. चारही जणांना एकच गोष्ट समजून जाणे मात्र वाईट.

'सीट कन्फर्म' म्हणजे शिष्यवृत्तीवर पाणी

आपल्या मुलांचे सर्वांत मोठे नुकसान दुसऱ्या प्रकारात होते, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर.

महाराष्ट्रात एमबीएचे प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून होतात. २०१५ च्या राज्य कायद्यानुसार खासगी विनाअनुदानित संस्थांना २० टक्क्यांपर्यंत जागा संस्थात्मक कोट्यातून भरता येतात. एजंट ज्या 'सीट'बद्दल बोलतो ती बहुतेक वेळा हीच.

अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्याला कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर राज्याची फ्रीशिप असते. पण हे लाभ कॅपमधून झालेल्या प्रवेशासाठी आहेत, व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशासाठी नाहीत. म्हणजे ज्या विद्यार्थ्याला कॅपच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीत फ्रीशिपसह जागा मिळू शकली असती, तो एजंटच्या घाईला बळी पडून त्याच दर्जाच्या कॉलेजात दोन वर्षांची पूर्ण फी भरतो. एजंट हे सांगत नाही. काहींना ते माहीतच नसते, कारण त्यांचा नेहमीचा ग्राहक फ्रीशिपवाला नसतो.

आणखी एक. देणगीच्या नावाखाली ठरलेल्या फीपेक्षा जास्त पैसे घेण्यावर महाराष्ट्रात १९८७ च्या कॅपिटेशन फीविरोधी कायद्याने बंदी आहे. खासगी व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. "एवढे रोख, बाकीचे पावतीने" असे कोणी म्हणाले तर तिथेच उठून यायचे. आणि आयआयएममध्ये व्यवस्थापन कोटा नसतो. आयआयएमची सीट 'लावून देतो' म्हणणारा माणूस फसवतो आहे, यात दुसरा अर्थ काढायला जागा नाही.

आयआयएमची वाट आणि आपली कागदपत्रे

केंद्रीय शैक्षणिक संस्थांतल्या आरक्षणाचा २००६ चा कायदा आयआयएमच्या प्रवेशाला लागू आहे: अनुसूचित जातींना १५ टक्के, जमातींना साडेसात, ओबीसींना २७. कॅटसाठी पदवीला सर्वसाधारणपणे ५० टक्के गुण लागतात, अनुसूचित जाती-जमातींसाठी ही अट ४५ टक्क्यांची आहे. अर्जाची फीही निम्मी असते. प्रत्येक आयआयएम आपले प्रवेश धोरण संकेतस्थळावर टाकते आणि त्यात प्रवर्गनिहाय किमान पर्सेंटाइल वेगवेगळे दिलेले असते.

क्लासच्या वर्गात हे अनेकदा सांगितलेच जात नाही. "९९ पर्सेंटाइल नसेल तर आयआयएम विसरा" असे सरसकट वाक्य फेकले जाते. ते ऐकून आपली मुले अर्जच करत नाहीत किंवा महागडे 'प्रोफाइल बिल्डिंग'चे पॅकेज घेतात. सल्लागाराला तुमच्या प्रवर्गाचे धोरण माहीत आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारा. उत्तर देताना तो अवघडला, किंवा "ते नंतर पाहू" म्हणाला, तर तुमच्या अर्जातला अर्धा भाग त्याला येत नाही असे समजा.

कागदपत्रांचा प्रश्न बौद्धांसाठी वेगळा आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या सवलती मिळाल्या. पण केंद्रीय संस्थेला केंद्राच्या नमुन्यातले जात प्रमाणपत्र लागते. राज्याच्या कामासाठी काढलेले प्रमाणपत्र तिथे अडू शकते. कॅपसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते, ते जात पडताळणी समितीकडून वेळेत मिळवावे लागते. कॅटची नोंदणी करताना भरलेला प्रवर्ग नंतर बदलता येत नाही. हे सगळे कॅटच्या नोंदणीआधी, म्हणजे उन्हाळ्यातच हातात असायला हवे. हजारो रुपयांच्या पॅकेजमध्ये हे काम कुठेच नसते आणि सेतू केंद्रावरच्या एका फेरीने ते सुरू होते.

पैशाची वाटही तशीच. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची 'टॉप क्लास' शिक्षण योजना आहे. कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल आणि प्रवेश योजनेच्या यादीतल्या संस्थेत असेल, तर शासकीय संस्थेतली पूर्ण शिकवणी फी आणि शिवाय निर्वाहासाठी रक्कम या योजनेतून मिळते. आयआयएम या यादीत आहेत. संस्थेनुसार जागा ठरलेल्या असतात, त्यामुळे प्रवेश मिळाल्याबरोबर संस्थेच्या शिष्यवृत्ती विभागाला विचारावे लागते. आयआयएमची वीसपंचवीस लाखांची फी ऐकून माघारी फिरणाऱ्या मुलाला ही योजना कोणी सांगितलेली असते का? आमचा अनुभव सांगतो की बहुतेकांना नाही.

परदेशी एमबीए: क्रमवारी कोणती, तारीख कोणती

परदेशाच्या बाबतीत गुंता वाढतो. आपल्यासमोर दोन मोठ्या योजना आहेत. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, ७५ जागांची. आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप, १२५ जागांची, त्यातल्या ११५ अनुसूचित जातींसाठी. दोन्हींत विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते.

इथेच एमबीएच्या सल्लागारांची एक चूक होते. ते एमबीएची क्रमवारी पाहतात, योजना विद्यापीठाची क्रमवारी पाहते. इन्सिआड किंवा लंडन बिझनेस स्कूल यांची नावे एमबीएच्या यादीत वरच असतात. पण त्या फक्त व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्था असल्यामुळे विद्यापीठांच्या सर्वसाधारण क्यूएस क्रमवारीत त्या सापडत नाहीत. प्रवेश मिळाला, अभिनंदन झाले, फलकावर फोटोही लागला आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या वेळी कळले की संस्था निकषातच बसत नाही, असे होऊ शकते. म्हणून कॉलेजांची यादी करण्याआधी त्या वर्षीची योजनेची जाहिरात वाचायची, नंतर नाही. राज्याच्या योजनेच्या अटी २०२४ मध्ये बदलल्या आणि विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला, हे आपल्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. मागच्या वर्षीचा नियम या वर्षी असेलच असे नाही.

तारखांचेही तसेच. परदेशी बिझनेस स्कूल्स अर्ज फेऱ्यांनी घेतात. पहिली फेरी साधारण सप्टेंबरमध्ये, दुसरी जानेवारीत. कॉलेजांच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्या बहुतेक या दोन फेऱ्यांतच वाटून होतात. सरकारी योजनेला मात्र विनाअट प्रवेशपत्र हातात लागते. या दोन कॅलेंडरांची सांगड घालणे हे सल्लागाराचे खरे काम आहे. त्याने तुमच्यासाठी असा तक्ता करून दिला नाही तर तो फक्त अर्ज भरून देतो आहे.

सरकारी पैशावर पूर्ण विसंबणेही धोक्याचे. २०२५-२६ साठी नॅशनल ओव्हरसीजमध्ये १०६ जणांची निवड झाली, पण सुरुवातीला ४० जणांनाच तात्पुरती पत्रे मिळाली. बाकीच्यांना निधी उपलब्ध झाला तर मिळतील असे सांगण्यात आले. परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याजाची सवलत देणारी 'पढो परदेश' ही अल्पसंख्याकांसाठीची योजना, जी बौद्धांनाही लागू होती, २०२२-२३ पासून बंद झाली. म्हणजे सरकारी दारे अरुंद होत असताना सल्लागारांचे फलक रुंद होत आहेत. हा योगायोग नाही. सरकार जिथून मागे हटते तिथे बाजार दुकान लावतो.

नोकरीचे गणितही बदलते आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशातून आणायच्या नव्या एच-१बी कर्मचाऱ्यांच्या अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क लावले. ब्रिटनने शिक्षणानंतर राहण्याची मुदत जानेवारी २०२७ पासून दोन वर्षांवरून १८ महिन्यांवर आणण्याचे ठरवले. "दोन वर्षांत कर्ज फेडाल" असे सांगणाऱ्या सल्लागाराला विचारा, हे गणित कोणत्या वर्षीच्या नियमांवर मांडले आहे? व्हिसाचे नियम बदलतात, बँकेचा हप्ता बदलत नाही.

काही वाटा सरकारबाहेरही आहेत. स्टॅनफर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये रिलायन्स धीरूभाई फेलोशिप दरवर्षी जास्तीत जास्त पाच भारतीय नागरिकांना मिळते. त्यांनी शिक्षणानंतर भारतात परतून काम करायचे असते. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये मदत आर्थिक गरजेवर ठरते. "तिथे आपल्यासारख्यांचे काय काम" असे स्वतःच ठरवून टाकू नका.

कोणाची गोष्ट, कोणाचे शब्द

बिझनेस स्कूलच्या अर्जात निबंध असतात: तुम्ही कोण, कुठून आलात, काय करायचे आहे. इथे आमच्या मुलांना दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक सल्लागार म्हणतो, "जातीचा विषय काढू नका, निगेटिव्ह वाटते." दुसरा म्हणतो, "गरिबी आणि अत्याचार जरा जास्त रंगवा, तेच चालते." दोघेही तुमचे आयुष्य त्यांच्या मालासारखे वापरत आहेत. एकाला ते झाकायचे आहे, दुसऱ्याला विकायचे आहे.

आमचे म्हणणे सरळ आहे. वस्तीतल्या अभ्यासिकेचा हिशेब सांभाळला असेल, चौदा ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर येणाऱ्या लोकांसाठी पाणी-जेवणाची व्यवस्था लावली असेल, पतसंस्थेची थकबाकी वसूल केली असेल, तर ते नेतृत्व आहे, व्यवस्थापन आहे. ते तसेच लिहा: किती लोक, किती पैसे, काय अडले, काय केले. त्यात लपवण्यासारखे काही नाही आणि रंगवण्यासारखेही नाही.

"निबंध आम्ही लिहून देऊ" म्हणणाऱ्याकडे जाऊच नका. अर्जावर तुम्ही हे माझेच लेखन आहे असे प्रमाणित करता. पुढे खोटे उघड झाले तर प्रवेश रद्द होऊ शकतो, अगदी वर्ग सुरू झाल्यावरही. शिफारसपत्राचेही तेच. "तूच लिहून आण, मी सही करतो" ही आपल्याकडची पद्धत तिथे महागात पडते. २०१९ साली अमेरिकेत पदवी प्रवेशाचा मोठा घोटाळा उघडकीला आला. त्याचा सूत्रधार रिक सिंगर हा प्रवेश सल्लागारच होता. त्याला जानेवारी २०२३ मध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा झाली, आणि त्याला पैसे देणारे अनेक श्रीमंत पालकही तुरुंगात गेले. त्या पालकांकडे महागडे वकील होते. आपल्या मुलाचा प्रवेश रद्द झाला तर व्हिसा जातो आणि मागे कर्ज उरते.

चांगला सल्लागार लिहिलेले वाचतो, प्रश्न विचारतो, "हे कळले नाही" म्हणून परत पाठवतो. लेखणी तुमच्याच हातात राहते.

बाबासाहेबांना कोणी काय दिले

या मुद्द्यावर आपला इतिहास बोलका आहे. केळुसकर गुरुजींनी तरुण भीमरावांची वाचनाची ओढ ओळखली, मॅट्रिकनंतर त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले आणि पुढचे शिक्षण अडले तेव्हा त्यांना सयाजीराव गायकवाडांपर्यंत पोहोचवले. १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, बाबासाहेब कोलंबियाला गेले. तिथल्या प्राध्यापक सेलिग्मन यांनी लंडनसाठी त्यांची शिफारस केली, कारण त्यांनी बाबासाहेबांचे काम जवळून पाहिले होते. १९२० साली राहिलेले शिक्षण पूर्ण करायला लंडनला जाताना स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांनी दिलेले कर्ज कामी आले.

वाट दाखवणारा एक, शिफारस करणारा दुसरा, पैसा उभा करणारे तिसरे. तिघांपैकी कोणीही बाबासाहेबांच्या जागी बसून प्रबंध लिहिला नाही. आणि या शिष्यवृत्तीलाही करार होता: दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी. म्हणजे मदत कोणाची, अट कोणती, हे त्यांनाही पाहावेच लागले होते. आज हीच तीन कामे एका पॅकेजमध्ये बांधून विकली जातात. ती सोडवून पाहिली की कशासाठी पैसे द्यायचे आणि कशासाठी नाही ते दिसते.

कायदा कुठे आहे, कुठे नाही

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत नियम आणले: निवडीची हमी द्यायची नाही, यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो त्याच्या निवडीनंतरच्या लेखी संमतीशिवाय वापरायचा नाही, त्याने कोणता कोर्स किती काळ केला ते सांगायचे. यूपीएससीच्या काही क्लासेसना या प्राधिकरणाने दंडही केला. त्यांच्या फलकावरच्या अनेक यशस्वी उमेदवारांनी फक्त मुलाखतीचे मार्गदर्शन घेतले होते आणि ते लपवले गेले होते.

पण या दोन्ही ठिकाणी 'कोचिंग'च्या व्याख्येतून समुपदेशन, म्हणजे काउन्सेलिंग, वगळले आहे. "आम्ही क्लास नाही, आम्ही काउन्सेलर" असे म्हणणाऱ्या प्रवेश सल्लागाराला निसटायला ही फट पुरेशी आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी आणि लोकप्रतिनिधींनी हा मुद्दा उचलायला हवा.

तोपर्यंत ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आपल्या हातात आहे. पैसे देऊन घेतलेली सेवा सदोष असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. ई-जागृती पोर्टलवरून तक्रार करता येते आणि १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. मात्र पावती आणि लेखी करार नसेल तर यातले काहीच नीट चालत नाही. रोखीने आणि तोंडी ठरलेल्या व्यवहाराला आयोगात आधार उरत नाही.

पैसे देण्याआधी सात प्रश्न

१. तुम्हाला कोणत्याही कॉलेजकडून कमिशन मिळते का? हे लेखी द्याल का?

२. अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध प्रवर्गातल्या किती विद्यार्थ्यांचे अर्ज तुम्ही हाताळले? त्यांच्यापैकी एकदोघांशी, त्यांच्या संमतीने, बोलता येईल का?

३. माझ्या प्रवेशाला कोणती शिष्यवृत्ती लागू होते आणि कोणत्या प्रवेशाने ती जाते?

४. माझे काम प्रत्यक्ष कोण पाहणार? पहिल्या भेटीत बोलणारा माणूस, की कामाला ठेवलेला नवखा?

५. पूर्ण पॅकेजऐवजी एकच भाग घेता येईल का? फक्त निबंधाचे वाचन किंवा फक्त दोन सराव मुलाखती?

६. मध्येच सोडले तर किती पैसे परत, किती दिवसांत?

७. माझे मूळ प्रमाणपत्र आणि पासवर्ड तुम्हाला कशाला हवेत? याचे बरोबर उत्तर एकच आहे: नकोत. अर्जाचे खाते आणि मूळ कागद स्वतःकडेच ठेवा.

पाचवा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या बहुतेक मुलांना पूर्ण पॅकेजची गरज नसते. कागदपत्रे, योजना, तारखा ही कामे फुकट होतात, ती कशी करायची ते वर सांगितलेच आहे. उरते ते जाणकाराने अर्ज वाचणे आणि मुलाखतीचा सराव घेणे. एवढ्यापुरते पैसे द्यायला हरकत नाही.

जे विकत घ्यावे लागते ते आपण देऊ शकतो

आता आपल्या जबाबदारीचे बोलू. नागपूरच्या बौद्ध समाजात बँकांतले अधिकारी आहेत, वेकोलि आणि महावितरणमधले व्यवस्थापक आहेत, आयटी कंपन्यांतले टीम लीडर आहेत, आयआयएममधून आणि परदेशातून शिकून आलेलेही आहेत. पण त्यांचा अनुभव त्यांच्या घरापुरता राहतो. जयंतीला ते वर्गणी देतात, ती आम्ही आदराने घेतो. वर्षातून दोन रविवार त्यांनी एखाद्या विहारात बसून चार मुलांचे निबंध वाचले आणि दहा जणांच्या सराव मुलाखती घेतल्या, तर वर्गणीइतकेच मोठे काम होईल.

हे होऊ शकते याचा दाखला विदर्भातच आहे. यवतमाळमधून सुरू झालेल्या एकलव्य इंडिया फाउंडेशनने पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्यांना देशातल्या आणि परदेशातल्या नामांकित संस्थांपर्यंत पोहोचवण्याचे काम उभे केले. तिचे संस्थापक राजू केंद्रे स्वतः बुलडाणा जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबातले, चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकलेले. त्यांच्या कामाचा गाभा हाच की आधी पोहोचलेल्याने मागून येणाऱ्याचा हात धरायचा. एमबीएपुरते हेच काम उत्तर नागपुरात वस्तीपातळीवर करता येईल.

त्यासाठी मोठी संस्था लागत नाही. एक यादी लागते: कोण कुठे शिकले, कोण वेळ देईल. एक तक्ता लागतो: कॅट, सीईटी, शाहू शिष्यवृत्ती, नॅशनल ओव्हरसीज, जात वैधता, टॉप क्लास यांच्या त्या त्या वर्षीच्या तारखा एका कागदावर, प्रत्येक अभ्यासिकेच्या भिंतीवर. आणि एक वही लागते, जिच्यात प्रत्येक मुलाने आपला अनुभव लिहायचा: कोणाकडे गेलो, किती दिले, काय मिळाले. ती पुढच्या मुलाला कोणत्याही फलकापेक्षा जास्त सांगेल.

ज्यांच्याकडे आधीच वाट आहे त्यांना सल्लागार ही सोय आहे. आपल्याला ती वाट एकमेकांना दाखवावी लागेल. तोवर सल्लागाराकडे जाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने पहिल्या भेटीत चेकबुक घरी ठेवावे आणि प्रश्न सोबत न्यावेत.